एकसष्टचं ज्येष्ठमूळ

१,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. दिसायला या संख्येत काही म्हणजे काही नाही. ती उलटसुलट वाचून सारखी येत नाही, एखादा अंक हट्टाने पुन्हा पुन्हा डोकावत नाही, शेवटी शून्यांची रांग नाही. ती मूळ संख्याही नाही. ११, ५९, १५२३ आणि १७८७ या चार मूळ संख्यांचा तो गुणाकार आहे. रामानुजनांची १७२९ टॅक्सीत बसून घरोघरी पोचली, देवळालीच्या कापरेकरांची ६१७४ शाळेच्या वर्गात मुलं फळ्यावर खेळतात. हिच्या वाट्याला असलं काही आलं नाही. तिचं कौतुक करायचं तर तिला उघडूनच बघावं लागतं.

तिचा गुण एका ओळीत सांगता येतो. तिचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा, उरेल त्याला ६१ ने भागा. भाग निःशेष जातो, आणि येणारा भागाकार पुन्हा पूर्ण वर्ग असतो: २२,६१,५३,९८० चा वर्ग. एखाद्या संख्येचा वर्ग दुसऱ्या वर्गाच्या ६१ पटीपेक्षा बरोबर एकाने जास्त असावा, अशी अट घातली, तर शून्य आणि एकची फुकटची जोडी सोडून सर्वांत लहान उत्तर हेच. याच्या अलीकडे एकही नाही. (बावीस कोटी *एकसष्ट* लाख हे वाचून अंकज्योतिषवाल्यांनी हुरळून जाऊ नये, तो निव्वळ योगायोग आहे.)

पडताळा घ्यायचा म्हटलं तर गंमत होते. मोठ्या संख्येचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. धाकटीच्या वर्गाची एकसष्टपट ३११९८८२९८२८६०२६४४००. दोन्ही एकोणीस अंकी. खिशातला कॅल्क्युलेटर इथे हात टेकतो. संगणकावरच्या नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये मांडून वजाबाकी केली तर उत्तर शून्य येतं, कारण तिथे सुरुवातीचे पंधरासोळा अंकच जपले जातात आणि शेपूट सोडून दिलं जातं. ज्या एकासाठी सगळा खटाटोप, नेमका तोच एक यंत्र गिळून टाकतं. कागद-पेन्सिल घेतली तर मात्र तो एक हाताशी येतो. अर्धा तास लागतो, पण येतो.

आता शेजारीपाजारी बघा, म्हणजे या संख्येचा आकार किती अनाठायी आहे ते कळेल. हाच प्रश्न ५९ साठी घातला तर ५३० वर काम भागतं. ६० साठी ३१ पुरे: ९६१ मधून एक गेला, ९६०, म्हणजे सोळाची साठपट. ६२ साठी ६३. ६३ साठी तर नुसते ८. या गरीब बिचाऱ्या घरांच्या मधोमध ६१ उभा आहे आणि त्याची मागणी पावणेदोन अब्जांची! शंभराच्या आतल्या कुठल्याही संख्येची मागणी एवढी मोठी नाही. त्यातल्या त्यात जवळ येणारा ९७, तोही सहा कोटींच्या घरातच थांबतो. ६१ च्या चेहऱ्यावर याचा मागमूस नाही. मूळ संख्या म्हणावी तर ५९ ही मूळच आहे.

मला या संख्येचं जे अप्रूप आहे ते इथून सुरू होतं. मोठी संख्या लिहिणं सोपं आहे. कुणीही नऊवर नऊ मांडत जावं. ही संख्या मात्र कुणी मोठी केलेली नाही. तिला मोठं होणं भाग पडलं.

आणि ती मिळायची कशी? एकेक आकडा घेऊन बघत गेलं तर काय होतं ते पाहू. एकाचा वर्ग एकसष्टपट करून एक मिळवला तर ६२. जवळचा वर्ग ६४, हुकलं. दोन घेतले तर २४५, तीन घेतले तर ५५०, चार घेतले तर ९७७, सगळेच नापास. पाच घेतले तर १५२६, आणि ३९ चा वर्ग १५२१. पाचानेच गेलं की! इथे आशा वाढते, आणि माणूस फसतो. कारण या रस्त्याने योग्य जागी पोचायला बावीस कोटींहून जास्त प्रयत्न लागतात. मिनिटाला एक या वेगाने, न जेवता न झोपता हिशेब करणारा माणूस ११५० साली बसला असता, तर १५८० च्या सुमारास उठला असता.

११५० हे साल मी उगाच घेतलेलं नाही. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. आपलं गाव त्यांनी सह्य पर्वताच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगितलं आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाडांनी. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात एका श्लोकात दोन प्रश्न आहेत, एक ६७ चा आणि दुसरा ६१ चा. वर्गप्रकृती, म्हणजे या जातीच्या समीकरणांची विद्या, तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग बाबा, अशा लाडिक स्वरात विचारलेले. ६७ चं उत्तर ४८,८४२. ते ठीकच आहे. खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि ती मारणाऱ्याला ती मेख असल्याचं पुरतं ठाऊक होतं यात मला शंका नाही. ६१ हा सहज सुचलेला आकडा असूच शकत नाही.

पुढचा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने होतो, तेव्हा कंटाळा न करता पाहावा. तिघांची एक टोळी धरायची: ज्येष्ठ, कनिष्ठ आणि क्षेप. ज्येष्ठाच्या वर्गातून कनिष्ठाच्या वर्गाची एकसष्टपट वजा केली की जे उरतं तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा. अशा दोन टोळ्या एकत्र करण्याची युक्ती ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच सांगून ठेवली होती. तिला भावना म्हणतात. दोन ज्येष्ठांचा गुणाकार अधिक दोन कनिष्ठांच्या गुणाकाराची एकसष्टपट, हा नवा ज्येष्ठ. तिरप्या गुणाकारांची बेरीज, हा नवा कनिष्ठ. क्षेपांचा गुणाकार, हा नवा क्षेप.

सुरुवात अगदी हाताशी असलेल्या टोळीने होते: ८, १, क्षेप ३. कारण ६४ वजा ६१ तीन. आता एक जोडीदार शोधायचा, ज्याचा कनिष्ठ १ असेल. त्याच्या ज्येष्ठावर दोन अटी: तो ८ मध्ये मिळवला तर ३ ने भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या होईल तितका जवळ असावा. १, ४, ७, १० हे पहिल्या अटीतून सुटणारे उमेदवार. त्यातला ७ जवळचा, ४९ वजा ६१ उणे बारा. भावना करा: सात आठे छप्पन्न आणि एकसष्ट, एकशे सतरा. आठ आणि सात पंधरा. क्षेप उणे छत्तीस. आता ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांना ३ ने भागा, क्षेपाला ९ ने. ३९, ५, उणे ४. वरच्या आंधळ्या शोधात पाचाने हुकलेली जोडी इथे दुसऱ्याच पावलाला भेटली, आणि इथे ती हुकलेली नाही, ती पायरी आहे. हेच चक्रवाल: मिळालेल्या टोळीवर तीच क्रिया पुन्हा, आणि क्षेप कधीच भलता फुगू द्यायचा नाही. ही रीत भास्कराचार्यांच्याही आधीची. १०७३ साली उदयदिवाकराने आपल्या टीकेत जयदेव नावाच्या आचार्यांच्या नावावर ती दिलेली आहे.

चक्रवाल असंच फिरवत राहिलं तरी उत्तर येतं. पण क्षेप उणे ४ आल्याबरोबर भास्कराचार्य चाक थांबवतात आणि ब्रह्मगुप्ताची आडवाट धरतात. इथून पुढच्या तीन पायऱ्या मी कितीदा वाचल्या तरी मन भरत नाही.

चार हा दोनाचा वर्ग, म्हणून ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांना अर्धं करा, क्षेपाला ४ ने भागा: साडेएकोणीस, अडीच, क्षेप उणे १. क्षेप एकावर आला, पण चिन्ह उलटं आणि संख्या अपूर्णांकात. ही टोळी स्वतःशीच भावली तर उण्याचा उण्याशी गुणाकार होऊन अधिक एक येतो: १५२३ चे अर्धे, १९५ चे अर्धे, क्षेप अधिक १. चिन्ह सुधारलं, समीकरण सुटलं, पण अपूर्णांक तसाच. मग ही आणि आधीची टोळी एकत्र करा: २९,७१८ आणि ३,८०५. अपूर्णांक पळाले, दोन्ही पूर्णांक! आणि क्षेप? पुन्हा उणे एक. ८८,३१,५९,५२४ आणि ८८,३१,५९,५२५: ज्येष्ठाचा वर्ग एकाने कमी पडला. चिन्ह बरोबर येतं तेव्हा संख्या पूर्ण नाही, संख्या पूर्ण येते तेव्हा चिन्ह बरोबर नाही. आता ही शेवटची टोळी स्वतःशी एकदा भावली की दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात: ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, कनिष्ठ २२,६१,५३,९८०, क्षेप १. जिथे आंधळ्या शोधाला कोट्यवधी पावलं लागली असती तिथे ही बोटावर मोजण्याइतकी. अडीच आणि साडेएकोणीस या अपूर्णांकांना न घाबरता हातात घेतलं, म्हणून पूर्णांक उत्तर इतक्या लवकर आलं, याची मला विशेष मौज वाटते.

एवढं पाहून परत आपल्या पहिल्या संख्येकडे आलं की ती आता बोलायला लागते. तिच्यातून एक वजा करा: १,७६,६३,१९,०४८. हा २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. तिच्यात एक मिळवा: १,७६,६३,१९,०५०. हा ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ च्या दुपटीने. दोन्ही शेजाऱ्यांचा गुणाकार केला की शाळेतलं वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लागतं आणि सगळा गुणधर्म दोन ओळींत सिद्ध होतो. एकोणीस अंकी गुणाकार करायची गरजच उरत नाही.

अजून खोल जा. २९,७१८ म्हणजे ३९ गुणिले ७६२. ३,८०५ म्हणजे ५ गुणिले ७६१. चक्रवालाच्या दुसऱ्या पावलाला मिळालेले ३९ आणि ५ इथे जसेच्या तसे बसलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारी ७६२ व ७६१ हे लागोपाठचे आकडे. त्यांची बेरीज? १५२३. मधल्या अपूर्णांकाच्या टोळीतल्या ज्येष्ठाचा अंश. तोच १५२३ पुन्हा अंतिम संख्येच्या चार मूळ अवयवांतही आहे, हे लेखाच्या सुरुवातीला आपण नुसतं वाचून पुढे गेलो होतो. संख्या जिथून जिथून आली त्या प्रत्येक मुक्कामाची खूण तिच्या अंगावर आहे. ७६१ आणि ७६२ येतात कुठून, हेही लपलेलं नाही: ३९ चा वर्ग १५२१, त्यात एक मिळवून अर्धं केलं की ७६१, तीन मिळवून अर्धं केलं की ७६२. वरवर अर्थहीन वाटणारे दहा अंक, आणि आत सगळं ३९ आणि ५ वर उभं.

या संख्येबद्दल मराठीत किंवा इंग्रजीत जे काही लिहिलं जातं, त्यात हे जवळजवळ नसतंच. असतं ते एवढंच, की युरोपाच्या पाचशे वर्षं आधी आपण हे केलं. बरोबर आहे, केलं. पण अभिमान तारखेपाशी थांबतो आणि गुणाकारापर्यंत पोचत नाही, हे मला खटकतं. ज्या कृतीचं श्रेय घ्यायचं ती कृती स्वतः एकदा करून बघायला काय हरकत आहे?

युरोपातली बाजूही रंजक आहे. १६५७ च्या फेब्रुवारीत पिएर द फर्माने फ्रेनिकल या आपल्या मित्राला ६१ आणि १०९ हे दोन आकडे घालून हाच प्रश्न विचारला, आणि फार त्रास नको म्हणून लहान आकडे निवडलेत असं वर सांगितलं! ६१ ची मागणी माहीत असलेला माणूसच एवढ्या साळसूदपणे असं लिहू शकतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा आचार्य आणि तुलूझचा कायदेपंडित, दोघांनी एकमेकांचं नावही न ऐकता तोच आकडा उचलावा, याचं कारण उघड आहे: शंभराच्या आत यापेक्षा अवघड आकडा नाहीच. फर्माचं आव्हान इंग्लंडातही गेलं. तिथल्या ब्राउंकर आणि वॉलिस या गणितज्ञांनी आधी अपूर्णांकातली उत्तरं पाठवली, ती फर्माने नाकारली. पुढे ब्राउंकरने पूर्णांकांची रीत बसवली. ऑयलरने गैरसमजातून सगळं श्रेय जॉन पेल या तिसऱ्याच माणसाला दिलं आणि समीकरणाला पेलचं नाव चिकटलं ते आजतागायत. भावना आणि चक्रवाल यांच्यात पेल कुठेही नाही.

तुलनेत आपली एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक वेळी उत्तर येईलच, कुठलाही आकडा घेतला तरी चाक शेवटी एकावर येऊन थांबेल, याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिलेली नाही. तशी सिद्धता हवी ही जाणीव फर्माला होती, आणि समीकरणाला उत्तर नेहमी असतंच हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केलं. चक्रवाल नेहमी यशस्वी होतं याची काटेकोर सिद्धता यायला १९२९-३० साल उजाडलं. ती म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगारांची. जर्मन गणित-इतिहासकार हांकेल याने मात्र त्याच्याही आधी, १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, लाग्रांजपूर्वीच्या संख्या-सिद्धान्तातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणून चक्रवालाचा गौरव केला होता.

व्यवहारात या संख्येचा उपयोग विचाराल तर एक आहे. तिला २२,६१,५३,९८० ने भागलं की ६१ चं वर्गमूळ मिळतं, ७.८१०२४९६७५९०६६५४… असं, आणि फरक पडतो तो दशांशचिन्हानंतर अठराव्या स्थानी. २९,७१८ भागिले ३,८०५ एवढंच घेतलं तरी आठ स्थानं बिनचूक येतात, आणि कुठल्याही सुताराला किंवा पंचांगकर्त्याला तेवढी पुष्कळ झाली. पण त्यासाठी कुणी ही संख्या शोधली असेल असं मला वाटत नाही. आणि ती मिळाली की पुढची सगळी उत्तरं तिच्याच पोटातून निघतात: तिची स्वतःशी भावना केली की ६२३९७६५९६५७२०५२८८०१, त्याच्यापुढे आणखी, न संपणारी.

राहता राहिला फर्माचा दुसरा आकडा, १०९. त्याचं ज्येष्ठ पंधरा अंकी आहे: १५८०७०६७१९८६२४९. वाचकाने वही घ्यावी आणि १०, १, क्षेप उणे ९ इथून सुरुवात करावी. पुढच्या पावलाला २१, २, क्षेप ५ येईल. चाक फिरवत राहिलं की २६१, २५, क्षेप उणे ४ अशी टोळी लागेल. तिथे थांबून ज्येष्ठ आणि कनिष्ठ अर्धे करायचे, क्षेपाला ४ ने भागायचं. मग ३४,०६१ आणि ३४,०६२ हे लागोपाठचे आकडे कुठून येतात ते सांगावं लागणार नाही.